आफ्रिकी जडीबुटीवरचा तो फॉरवर्ड

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. आफ्रिकेतल्या पारंपरिक औषधी वनस्पतींचा व्यापार वाढतोय, तिथल्या गरिबांसाठी ही पर्वणीच आहे. साल-मुळं काढली तरी परत येतात. आणि पिढ्यान् पिढ्या वापरातली औषधं असल्याने अपायाचा प्रश्नच नाही. माझ्या ओळखीच्या चार जाणत्या माणसांनी तो पुढे पाठवला, म्हणून हे लिहायला बसले.

आधी सालीचं बघू. प्रोस्टेटच्या त्रासावर युरोप-अमेरिकेत ‘पायजियम’च्या गोळ्या मिळतात. त्या प्रुनस आफ्रिकाना या झाडाच्या सालीच्या. बदाम-जर्दाळूचं हे आफ्रिकी भावंड डोंगराळ जंगलात वाढतं. साल ठेचली की कडू बदामाचा वास येतो. झुलू वैद्य ती छातीच्या दुखण्यावर वापरतात. 1966 साली फ्रान्समध्ये तिच्या अर्काचं पेटंट निघालं आणि कॅमेरूनच्या जंगलातून ती टनांनी जाऊ लागली.

साल परत येते का? येते, हे झाड तसं चिवट आहे. पण पानांनी तयार केलेली साखर मुळांकडे जाते ती सालीच्या आतल्या थरातून. खोड चहूबाजूंनी सोललं की मुळं उपाशी मरतात. म्हणून नियम असा, की खोडाचे उभे चार भाग धरायचे, समोरासमोरच्या दोनच भागांची साल काढायची आणि उरलेल्या दोन्हींना काही वर्षं हात लावायचा नाही. प्रत्यक्षात बुंध्यापासून फांद्यांपर्यंत झाडं सोलली गेली, वरची साल हाताला येईना तेव्हा आडवी पाडली गेली. 1995 पासून या झाडाचा व्यापार ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे, आणि 2007 साली युरोपीय महासंघाने कॅमेरूनहून येणारी साल काही वर्षं थांबवली. आपल्या सह्याद्रीत नरक्या या झाडाचंही असंच झालं. कर्करोगावरच्या औषधाला लागणारं कॅम्पटोथेसिन त्यात मिळतं हे कळलं, आणि चोरून तोड सुरू झाली.

आता गरिबांच्या पर्वणीबद्दल. कलाहारीतले सान लोक शिकारीला जाताना हूडिया ही काटेरी, रसाळ वनस्पती चघळतात. भूक-तहान मारली जाते. हे ज्ञान त्यांचं. पण दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन परिषदेने नव्वदच्या दशकात त्यावर पेटंट घेतलं ते त्यांना न विचारता. हक्क एका ब्रिटिश कंपनीकडे गेले, तिथून 1998 मध्ये फायझरकडे. सान लोकांनी वकील गाठून भांडण मांडलं, तेव्हा कुठे 2003 साली करार झाला आणि परिषदेला मिळणाऱ्या रॉयल्टीतले 6 टक्के त्यांच्या वाट्याला आले. म्हणजे 100 रुपये मिळाले तर 6, आणि तेही परिषदेच्या हातात पडल्यावर. फायझरने अंग काढून घेतलं, त्यानंतर हक्क घेतलेल्या युनिलिव्हरनेही. रॉयल्टीचा ओघ सुरू व्हायचा तो झालाच नाही. मला याचा संताप येतो, कारण ज्यांच्यामुळे ही वनस्पती जगाला कळली, तेच रांगेत शेवटी उभे राहिले.

अपायाचं उत्तरही हूडियातच आहे. युनिलिव्हरने 2008 साली माघार घेतली, ती सुरक्षितता आणि परिणामकारकता दोन्हींबद्दल शंका आल्यामुळे. वाळवंटात शिकाऱ्याने तुकडा चघळणं वेगळं आणि वजन कमी करण्यासाठी शहरात रोज अर्क पिणं वेगळं.

व्यापार नकोच, असं मी म्हणत नाही. नामिबियात सांधेदुखीवरच्या ‘डेव्हिल्स क्लॉ’चे कंद काढतात. जाणता खणणारा वाळू बाजूला सारतो, मधलं मूळ तसंच ठेवतो, बाजूचे काही कंद कापून घेतो आणि खड्डा पुन्हा बुजवतो. खड्डा उघडा राहिला तर मधलं मूळ सुकतं. बुजवण्याचे ते कष्ट घ्यायचे तर कंदाला भावही तसाच मिळायला हवा, आणि फॉरवर्डमध्ये त्या भावाचा उल्लेखच नाही.