‘कॉन्स्टान’ वाचलं म्हणून नाणं थोरल्या कॉन्स्टंटाइनचं ठरत नाही

‘रोमन नाणं एका मिनिटात ओळखा’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. माझ्या भाचीने त्यावर विश्वास ठेवून तमिळनाडूतून आलेल्या सात नाण्यांच्या पाकिटांवर ‘कॉन्स्टंटाइन द ग्रेट’ असं लिहून टाकलं, म्हणून आता सविस्तर उत्तर देतो. मजकुरातले दावे असे: नाव ‘कॉन्स्टान’ने सुरू झालं की नाणं रोमन सम्राट थोरल्या (‘द ग्रेट’) कॉन्स्टंटाइनचं, खाली ‘कॉन्स’ असेल तर खात्रीच, डोक्यावर मण्यांचा पट्टा नसेल तर ते त्याचं नाही, ‘मॅक्स’ (मॅक्सिमस, म्हणजे महान) असेल तर तोच, अक्षरं दिसत नसतील तर लिंबाच्या रसात टाका, आणि असं नाणं परदेशात लाखांना जातं.

पहिला दावा मुळातच चुकीचा आहे. सी-ओ-एन-एस-टी-ए-एन ही सात अक्षरं एकाच घराण्यातल्या निदान सहा जणांच्या नावात सारखीच येतात. पहिला कॉन्स्टन्शिअस (293 ते 306), त्याचा मुलगा थोरला कॉन्स्टंटाइन (306 ते 337), थोरल्याची तीन मुलं दुसरा कॉन्स्टंटाइन, दुसरा कॉन्स्टन्शिअस आणि कॉन्स्टन्स, शिवाय पुतण्या गॅलस, ज्याचं नाव नाण्यावर कॉन्स्टन्शिअस असंच येतं. ‘पहिला’, ‘दुसरा’ हे आकडे इतिहासकारांनी दिलेले आहेत, नाण्यावर ते शोधू नका.

बघायचं ते पुढच्या अक्षरांकडे. नाण्यावर कोरलेला लेख बहुधा डावीकडे खालून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि डोक्यापाशी तुटतो. ‘कॉन्स्टान्टिनुस’ची अखेर आय-एन-व्ही-एस, ‘कॉन्स्टान्टिउस’ची आय-व्ही-एस, कारण तेव्हा यू ऐवजी व्ही कोरत. झिजलेल्या नाण्यावर एनची तिरकी रेघ आधी जाते आणि मागे दोन उभ्या रेघा उरतात. मग व्हीच्या आधी टी सोडून तीन उभ्या रेघा दिसल्या तर कॉन्स्टंटाइन, एकच दिसली तर कॉन्स्टन्शिअस. दहापट भिंग घ्या आणि नाण्यावर प्रकाश अगदी तिरका पाडा. समोरून पाडलेल्या उजेडात या रेघा दिसत नाहीत.

कॉन्स्टन्सच्या बाबतीत तर डावी बाजू वाचून काहीच कळत नाही. त्याचं नाव बरेचदा ‘कॉन्स्टा’वर तुटतं आणि डोक्याच्या पलीकडे एन-एस आणि पुढे पी-एफ ए-व्ही-जी ही सम्राटाची पदवी येते. त्या जागी व्ही-एस पी-एफ ए-व्ही-जी असेल तर तो दुसरा कॉन्स्टन्शिअस. 347-348 ची, समोरासमोर उभ्या दोन विजयदेवतांची छोटी नाणी या दोन्ही भावांची आहेत. त्यामुळे मागची बाजू ओळखता आली तरी काम उजव्या बाजूच्या त्या दोन अक्षरांवरच अडतं.

त्यानंतर पदवी. नावापुढे एन-ओ-बी सी असेल तर तो सीझर, म्हणजे युवराज. ए-व्ही-जी असेल तर ऑगस्टस, म्हणजे सम्राट. आय-व्ही-एन म्हणजे धाकटा. ‘कॉन्स्टान्टिनुस आय-व्ही-एन एन-ओ-बी सी’ हा दुसरा कॉन्स्टंटाइन, 317 ते 337 मधला. मागे घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूचं चित्र असलेल्या नाण्यावर डोकं उघडं, पट्टाही नाही आणि पानांचा मुकुटही नाही, अन् नाव कॉन्स्टन्शिअस असेल तर तो गॅलस, 351 ते 354.

वजन-मापही घ्याच. पहिल्या कॉन्स्टन्शिअसचा मोठा फॉलिस (त्या काळचं तांब्याचं नाणं) 27-28 मिलिमीटर आणि 10 ग्रॅमच्या आसपास भरतो. 330 च्या दशकातलं दुसऱ्या कॉन्स्टन्शिअसचं नाणं 15 ते 18 मिलिमीटर, दोन ग्रॅमच्या आगेमागे. आजोबा की नातू हे वजनकाटाच सांगतो.

सगळ्यात हास्यास्पद भाग म्हणजे मजकुरासोबत फिरणारा फोटो. शिरस्त्राण घातलेलं, खांद्यावर भाला असलेलं डोकं, भोवती ‘कॉन्स्टान्टिनोपोलिस’ असा लेख, आणि खाली मथळा ‘सम्राटाचा दुर्मीळ योद्धा वेष’. तो सम्राट नाहीच! ते कॉन्स्टँटिनोपल नगरीचं मानवी रूप आहे. 330 मध्ये नव्या राजधानीचं उद्घाटन झालं, तेव्हापासून ही नाणी निघाली. मागे जहाजाच्या नाळेवर उभी असलेली पंखवाली विजयदेवता असते. जोडीचं नाणं रोम नगरीचं, लांडगी आणि दोन बाळांचं. दोन्हीही ढिगाने सापडतात. ज्याला शहर आणि सम्राट वेगळे कळत नाहीत त्याने इतरांना एका मिनिटात ओळख शिकवू नये.

खालच्या ‘कॉन्स’चंही तेच. तळाच्या रेघेखाली टांकसाळीची खूण असते. सी-ओ-एन-एस आणि पुढे एखादं ग्रीक अक्षर म्हणजे कॉन्स्टँटिनोपलची टांकसाळ आणि तिचा विभाग. पी किंवा एस आणि मग सी-ओ-एन-एस-टी म्हणजे फ्रान्समधलं आर्ल, ज्याला 328 मध्ये कॉन्स्टान्टिना असं नाव मिळालं. नाणं कुणाचं हे या खुणेवरून ठरत नाही.

मण्यांचा पट्टा थोरल्याने 324 च्या सुमारास घ्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या नाण्यांवर तो पानांच्या मुकुटात किंवा शिरस्त्राणात आहे, आणि नंतर त्याच्या मुलांनीही पट्टा घेतला. तेव्हा ही कसोटी दोन्हीकडून फसते.

‘मॅक्स’ची गोष्ट बहुतांशी बरोबर आहे, एवढं मान्य करावं लागेल. ‘कॉन्स्टान्टिनुस मॅक्स ए-व्ही-जी’ दिसलं तर बहुतेक वेळा तो थोरलाच. पण ‘मॅक्स’ नाही म्हणून तो धाकटा, म्हणजे दुसरा कॉन्स्टंटाइन, हे उलट वाचन चालत नाही. थोरल्याची ‘मॅक्स’ नसलेली नाणी भरपूर आहेत. खरी अडचण 337 ते 340 मधल्या, दोन सैनिक आणि मधे एकच ध्वज असलेल्या नाण्यांवर येते. तेव्हा धाकटाही सम्राट झाला होता आणि नुसतं ‘कॉन्स्टान्टिनुस ए-व्ही-जी’ लिहीत होता. इथे टांकसाळीची खूण पूर्ण वाचून ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या रोमन नाण्यांच्या सूचीग्रंथाच्या सातव्या खंडात (313 ते 337) आणि आठव्या खंडात (337 ते 364) पडताळावंच लागतं. खूण वाचता येत नसेल तर पाकिटावर ‘कॉन्स्टंटाइन पहिला किंवा दुसरा’ असंच लिहा. दोन ध्वज असतील तर काळ 330 ते 335 चा, आणि ए-व्ही-जी असलेला कॉन्स्टंटाइन मग थोरलाच.

लिंबाचा सल्ला मात्र संतापजनक आहे. सोळाशे वर्षं जमिनीत राहिलेल्या तांब्याचा मूळ पृष्ठभाग गंजाच्या थरात रूपांतरित झालेला असतो. अक्षरं धातूत नाही, त्या थरात उरलेली असतात. आम्ल तो थर खातं, आणि एनची तिरकी रेघ कायमची जाते. खाली निघतं ते गुलाबी, खडबडीत तांबं. सुरुवातीच्या फॉलिसवर चांदीचा पातळ मुलामा असतो, तोही जातो. नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पहिले काही दिवस पाणी रोज बदला, नंतर आठवड्याने. नळाचं पाणी नको, त्यात क्लोराइड असतं. मऊ झालेली माती लाकडी टूथपिकने भिंगाखाली काढा. काम आठवड्यांचं आहे. पूर्ण वाळल्यावरच पाकिटात घाला आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा. फिकट हिरवी पूड सुटू लागली तर ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा.

राहिली किंमत. 2013 मध्ये इंग्लंडात डेव्हनमधल्या सीटन डाउनला एकाच साठ्यात 22,888 नाणी निघाली, त्यातली बरीचशी याच घराण्याची. इतक्या मुबलक नाण्यांना, तीही झिजलेली असताना, कुणी लाख रुपये देत नाही. आणि ‘परदेशात विका’ म्हणणाऱ्याने 1972 चा पुरावस्तू कायदा वाचलेला नाही. शंभर वर्षांहून जुनं नाणं त्यात पुरावस्तू ठरतं, आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.