खुलासा : ‘गंगनम स्टाइल’ अमेरिकेत पहिलं आलंच नव्हतं

अमळनेरला परवा हळदीत बँडवाल्याने सनईच्या पट्टीत कोरियन गायक साय (Psy) याचं ‘गंगनम स्टाइल’ वाजवलं, आजीबाईसुद्धा लगाम धरल्यागत नाचल्या. तेव्हापासून ग्रुपवर फिरतंय, की हे गाणं अमेरिकेत नंबर एकवर होतं.

नही रे भो! २०१२ साली अमेरिकेतल्या गाजत्या गाण्यांच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत ते सात आठवडे दुसऱ्याच नंबरवर अडकलं. वर ‘मरून ५’ या अमेरिकन बँडचं ‘वन मोअर नाइट’ ठाण मांडून बसलेलं. ब्रिटनमध्ये मात्र पहिलं आलं.

घोळ व्ह्यूजमुळे होतो. यूट्यूबवर शंभर कोटींचा आकडा गाठणारा तो पहिला व्हिडिओ, डिसेंबर २०१२. पण बिलबोर्डने यूट्यूबचे व्ह्यूज हिशेबात धरले ते फेब्रुवारी २०१३ पासून. तोवर सायच्या गाण्याची वरात पुढे गेलेली.