अर्धवट महामार्गाचा जीडीपी

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत गेलेली पोरं बारावी होऊन कॉलेजात गेली, तरी गणपतीला गावी निघताना घरोघरी एकच चर्चा असते: महाडवरून जायचं की कोल्हापूरवरून?

मी रस्त्यांवरच्या खर्चाच्या विरोधात अजिबात नाही. केंद्राचा भांडवली खर्च, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या कामांवरचा खर्च, २०१९-२० मध्ये सुमारे ३.३६ लाख कोटी रुपये होता, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तो ११.२१ लाख कोटींवर गेला. त्यातला मोठा वाटा रस्ते आणि रेल्वेचा. हे व्हायलाच हवं होतं, आणि आधीच व्हायला हवं होतं.

पण या पैशाचा फायदा दोन वेळा होतो, आणि ते दोन फायदे आपण एकत्र करून टाकतो. पहिला, पैसा खर्च होताना. सिमेंट, पोलाद, डंपर, मजुरी, सगळं त्या वर्षीच्या जीडीपीत, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनात धरलं जातं. दुसरा, रस्ता वापरात आल्यावर. माल वेळेवर आणि स्वस्तात पोचतो, व्यापारी लांबच्या गिऱ्हाइकाला शब्द देऊ शकतो, कारखानदार गोदामात कमी साठा ठेवतो. देश खऱ्या अर्थाने पुढे जातो तो या दुसऱ्यामुळे. पहिला फायदा मात्र अर्धवट रस्त्यातूनही मिळतो. खणून ठेवलेला आणि दोनदा उकरलेला रस्तासुद्धा त्या वर्षीच्या आकड्यात भरच घालतो. म्हणूनच काम पूर्ण करायची घाई कुणाला वाटत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा फायदा किती मोठा असतो? डेव्ह डोनाल्डसन या अर्थतज्ज्ञाने ब्रिटिशकालीन भारतातल्या रेल्वेचा अभ्यास केला. वाहतुकीचा खर्च मोजायला त्याने मीठ निवडलं. मीठ ठरावीक ठिकाणीच तयार व्हायचं, त्यामुळे आगरातला भाव आणि लांबच्या जिल्ह्यातला भाव यातला फरक म्हणजे जवळपास वाहतुकीचाच खर्च. रेल्वे पोचली तिथे हा फरक कमी झाला आणि शेतीचं महागाई वजा जाता खरं उत्पन्न साधारण १६-१७ टक्क्यांनी वाढलं. ब्रिटिशांनी रूळ टाकले ते सैन्य हलवायला आणि कापूस बंदरावर न्यायला, आपल्या शेतकऱ्याच्या कळवळ्याने नव्हे. तरीही हा परिणाम झाला, कारण गाडी खरोखर धावत होती.

आता हापूसकडे बघा. आंबा पेटीत भरला की त्याचं घड्याळ सुरू होतं. वाशीच्या बाजारात गाडी वेळेवर लागली तर एक भाव, घाटात अडकून उशिरा आली तर दुसरा. बागायतदाराचं नुकसान नुसत्या जादा डिझेलचं नसतं. गाडी कधी पोचेल हे त्याला सांगता येत नाही, ते खरं नुकसान. किती तास लागणार याचाच भरवसा नसेल, तर कोकणात प्रक्रिया उद्योग टाकायला पैसेवाला माणूस कशाला येईल?

आणि हे आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं आणि १९९८ मध्ये रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटरवर गाडी धावली. त्याच सह्याद्रीत, त्याच पावसात, कर्बुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खणून. बराचसा पैसा रोखे विकून उभा केला होता. श्रीधरन यांच्या हाताखाली एक महामंडळ, एक जबाबदारी. महामार्गाचे मात्र तुकडे पाडले, तुकड्यागणिक कंत्राटदार, आणि उशीर झाला की बोट दाखवायला नेहमी दुसरं कुणीतरी.

रस्ता झाला की सगळं आपोआप होतं, असंही नाही. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर ॲशर आणि नोवोसाद यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की रस्ता आल्यावर लोक शेतीबाहेरच्या कामांकडे वळले, पण गावातलं उत्पन्न फारसं वाढलं नाही. कोकण रेल्वेनेही चाकरमान्याला गाव जवळ केलं, गावात कारखाने फारसे आणले नाहीत. शीतगृह, वीज, बँकेचं कर्ज हे सगळं सोबत लागतंच.

तरी आधी रस्ता पूर्ण तर करा! पश्चिमेकडच्या मालवाहू रेल्वे मार्गाचं बघा. दिल्लीजवळच्या दादरीपासून न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरापर्यंत, १५०६ किलोमीटर. त्यातला सगळ्यात मागे राहिलेला टप्पा कोणता, तर वैतरणा ते जेएनपीटी, सुमारे १०० किलोमीटरचा. म्हणजे नेमका बंदराला जोडणारा!

माझी मागणी साधी आहे. अर्थसंकल्पात नव्या घोषणांच्या आधी जुन्या प्रकल्पांची यादी वाचून दाखवा: मूळ मुदत कोणती, आजची मुदत कोणती, किती किलोमीटर सलग वापरात आहे, आणि उशिराला जबाबदार कोण. आमदार-खासदार मत मागायला आले की हेच चार प्रश्न मी विचारणार आहे. तुम्हीही विचारा.