बिबटे कुणी आणून सोडत नाही, आणि रानातले कॅमेरे तुमची जमीन मोजत नाहीत

‘कोकणवासीयांनो, जागे व्हा!’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यावाड्यांच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वनखातं जुन्नरकडचे बिबटे रात्री गाडीतून आणून आपल्या रानात सोडतं. जिथे कॅमेरे लागले ती जमीन उद्या सरकारजमा होणार; शिवाय त्या कॅमेऱ्यांना जनावर ओढणारा वास लावलेला असतो. वाघ-बिबट्यांची गणती अजून पंजाच्या ठशांवरून होते आणि निधीसाठी आकडे फुगवतात. विदर्भातले वाघ आता कोकणात सोडणार. आणि शेवटी सल्ला: तक्रार करून काही मिळत नाही, मारलेल्या ढोराच्या धडावर ‘औषध’ टाका नि गप्प बसा.

मी तो वाचून सोडून दिला होता. पण माझी आते लांज्याच्या बाजूला एका वाडीत एकटी राहते, चार शेळ्या आणि एक कुत्रा एवढाच तिचा संसार. तिचा फोन आला, “ते औषध कुठल्या दुकानात मिळतं गो?” त्याच आठवड्यात तिच्या वाडीतल्या पोरांनी झऱ्याच्या वाटेवरचा कॅमेरा काढून नेला. तेव्हा आता गप्प बसणं शक्य नाही.

सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासूनच करते, कारण बाकीच्या थापा एक वेळ चालतील, ही माणसांच्या जिवावर उठणारी आहे. धडावर टाकलेलं विष बिबट्याचं नाव वाचून त्याच्याच पोटात जात नाही. आधी वाडीतली कुत्री येतात, मग कावळे, कोल्हे. पाऊस पडला की तेच ओढ्यात उतरतं आणि खाली आपली विहीर असते. जानेवारी 2020 मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात, म्हादईच्या जंगलात असंच झालं. गाय मारली म्हणून तिच्या धडात विष घातलं गेलं आणि एक वाघीण व तिची तीन पिल्लं, असे चार वाघ मेले. तिथून आपलं तिलारीचं रान फार लांब नाही. या पट्ट्यात पट्टेरी वाघ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातलं एक अख्खं कुटुंब संपलं. त्या प्रकरणात अटका झाल्या. वाघ आणि बिबट्या दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मारल्यास तीन ते सात वर्षं कैद. मेसेज लिहिणारा तुरुंगात जाणार नाही, माझी आते जाईल.

आणि ‘काही मिळत नाही’ हेही खोटं. ढोर किंवा शेळी मारली तर भरपाई मिळते. लगेच वनरक्षकाला किंवा 1926 या क्रमांकावर कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत धड हलवायचं नाही. पैसे यायला उशीर होतो, खेटे घालावे लागतात, हे मला मान्य आहे. त्यावर भांडायलाच हवं. पण विष घातलं की पंचनामाही गेला आणि भरपाईही.

आता ‘आणून सोडतात’ हा मुख्य मुद्दा. यात एक अर्धं सत्य आहे आणि ते मला नाइलाजाने कबूल करावं लागतं: महाराष्ट्रात बिबटे पकडून लांब नेऊन सोडले गेले आहेत. पण कधी, आणि त्याचं काय झालं, ते मेसेजवाला सांगत नाही. जुन्नर भागात 2001 ते 2003 या काळात 29 बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. सोडण्याआधी त्या भागात वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत. सोडल्यानंतर ते सतराच्या घरात गेले. कारण उघड आहे. बिबट्याला स्वतःचा इलाखा असतो. त्यातल्या वाटा, पाणी, लपायच्या जागा, माणसं कधी झोपतात हे सगळं त्याला ठाऊक असतं. अनोळखी मुलखात टाकलेलं, पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर परत फिरायला बघतं. आणि इकडे रिकाम्या झालेल्या इलाख्यात दुसरा, बहुधा कोवळा आणि अडाणी बिबट्या शिरतो. 2009 मध्ये माळशेज घाटात माग काढणारी रेडिओ कॉलर लावून सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या जवळपास 120 किलोमीटर चालत मुंबईच्या वेशीवर पोचला होता. या अनुभवानंतरच 2011 मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या की अशी उचलाउचल करू नये. म्हणजे ज्या चुकीवरून खातं शिकलं, तीच चूक ते आज आपल्याविरुद्ध कट म्हणून करतंय, असं हा मेसेज सांगतो.

मग मेसेजसोबत फिरणाऱ्या व्हिडिओतली ती पिंजऱ्याची गाडी? कोकणात दरवर्षी बिबटे कठडा नसलेल्या विहिरींत पडतात आणि रानडुकरासाठी लावलेल्या फासक्यांत अडकतात. क्लचच्या वायरीची फासकी कमरेत बसली की जनावर जितकं ओढतं तितकी ती मांसात रुतते. अशा बिबट्याला बाहेर काढतात, डॉक्टर तपासतात, धड असेल तर रानात सोडतात. रात्री, कारण दिवसा पन्नास मोबाइल आणि दोनशे माणसं जमतात. तो बिबट्या इथलाच असतो. गाडी बघितली नि जुन्नर आठवलं, हे म्हणजे कावळा बसायला नि फांदी मोडायला.

बिबट्याच्या शेपटीजवळ चिप सापडली म्हणजे तो ‘सरकारी’, असंही मेसेजमध्ये आहे. ती चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात बॅटरी नसते, ती कुठेही सिग्नल पाठवत नाही. वाचक यंत्र अंगाजवळ धरलं की फक्त एक क्रमांक दिसतो. पुन्हा कधी हाच बिबट्या हाती लागला तर ओळखता यावा, एवढ्यासाठी ती घालतात.

बिबटे इथे का आहेत याचं उत्तर शोधायला जुन्नरला जायची गरज नाही. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, जिथे जंगल नावाला आणि ऊस-शेती सगळीकडे, तिथे कॅमेरे लावून बघितलं तर दर शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा खाण्यातला सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाने 39 टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा 11 टक्के, कारण त्या रात्री बंदिस्त असतात. आता आपल्याकडे बघा: पडीक टाकलेल्या कलमांच्या बागा, कुंपणाशी माजलेलं रान, बाजारपेठेच्या मागे कोंबड्यांच्या आतड्यांचा ढीग आणि त्यावर पोसलेली कुत्री. बिबट्याला आणखी काय हवं? आतेला मी तेवढंच सांगितलं, कुत्र्याला रात्री पडवीत नको, आत घे, आणि शेळ्यांच्या गोठ्याचं दार फळ्या मारून पक्कं कर.

गणतीचं बघू. पंजाच्या ठशांची पद्धत वाईट होती, हे खरं. 2004-05 मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता. त्यानंतर ती पद्धत मोडीत निघाली, त्याला वीस वर्षं झाली. आज वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात आणि बिबट्याच्या ठिपक्यांचंही तसंच. दोन्ही कुशी मिळाल्या की ते जनावर पुन्हा ओळखता येतं. डिसेंबर 2023 मध्ये चांदोलीत टिपलेला वाघ आधी राधानगरीत टिपलेलाच होता, हे पट्टे जुळवूनच कळलं. टेबलावर बसून असं जुळवता येत नाही, त्याला आधी रानात कॅमेरा लागतो. 2018 च्या गणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले होते.

आकड्यांबद्दल: महाराष्ट्रातल्या बिबट्यांचा अंदाज 2018 मध्ये 1,690 होता, 2022 मध्ये 1,985. मेसेज म्हणतो, आकडे ‘दहापट’ फुगवले. माझी खरी तक्रार उलटी आहे. ही मोजणी मुख्यतः वाघांच्या जंगलांत होते. आपल्या आंबा-काजूच्या बागांत, सड्यांवर, गावठाणाच्या कडेला फिरणारे बिबटे तिच्यात बहुतेक येतच नाहीत. म्हणजे आपल्याकडे कॅमेरे जास्त नाहीत, कमी आहेत.

कॅमेऱ्याला वास वगैरे काही लावलेला नसतो. हालचाल आणि अंगाची ऊब टिपणारा सेन्सर असतो, पेटी गुडघाभर उंचीवर झाडाला पट्ट्याने बांधलेली असते. पायवाट आणि पाणवठा निवडतात, कारण जनावर तिथून जातंच.

जमीन जाण्याच्या भीतीला मात्र मी हसणार नाही. दोडामार्गात न्यायालयाने वृक्षतोडीवर बंदी घातली, त्यात शेतकऱ्यांचीही ओढाताण झाली. पण ती बंदी आली ती सावंतवाडी-दोडामार्गचा वाघांचा भ्रमणमार्ग तुटतोय म्हणून, याचिकेवर, सुनावणी होऊन. एका फोटोवरून कुणाचा सातबारा बदलत नाही. अभयारण्य करायचं तरी अधिसूचना, हरकती, जिल्हाधिकाऱ्यांपुढे हक्कांची चौकशी हे सगळं लागतं.

विदर्भातल्या वाघांचं एका वाक्यात: ताडोबा आणि पेंचमधून वाघ आणायची योजना आहे, पहिली वाघीण नोव्हेंबर 2025 मध्ये आली, पण ती चांदोलीत, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या आत, आधी कुंपणात ठेवून. कुणाच्या आगरात नाही.

राहिला तो झऱ्यावरचा कॅमेरा. तो गणतीचा नव्हताच. वाडीतली एक शेळी गेली म्हणून ती कुणी नेली, एकटा नर आहे की पिल्लांची मादी, हे बघायला लावला होता. मादी असेल तर पिल्लं मोठी होईपर्यंत ती तिथेच घुटमळणार, आणि पोरांना शाळेला त्या वाटेने पाठवायचं की नाही हे त्यावर ठरणार. ज्यांनी तो नेलाय त्यांची नावं वाडीत सगळ्यांना माहीत आहेत. कार्ड पुसू नका. पेटी जशी आहे तशी वनरक्षकाकडे पोचवा, आजच.