सेकंदाला शंभर मिली

आंघोळ हा वजनाचा प्रश्न आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर आंघोळ म्हणजे शॉवरखाली डोळे मिटून उभं राहणं आणि पाणी म्हणजे भिंतीतून आपोआप येणारी वस्तू, एवढंच माझं ज्ञान. मग आम्ही एक जुनी मालवाहू व्हॅन घेतली. तिचं फिरतं घर करायचं ठरलं आणि पहिल्याच संध्याकाळी मी कागदावर हौसेने पाण्याची टाकी काढली. ३०० लिटरची.

"म्हणजे ३०० किलो," बायको म्हणाली.

"पाण्याचं कसलं आलंय एवढं वजन?"

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मला शाळा आठवली. एक लिटर पाणी, एक किलो. "चार धडधाकट पाहुणे गाडीत कायमचे मुक्कामाला आल्यासारखं आहे हे," ती म्हणाली. "गाडीला एकूण किती भार चालतो ते कागदपत्रांत बघितलंस का?" बघितलं नव्हतं. बघितल्यावर टाकी ६० लिटरची झाली.

सुतारकामाचं थोडक्यात आटोपतो, कारण अंगठ्याचं नख अजून पुरतं आलेलं नाही. गुण्या, ओळंबा, पाणसळ अशी सगळी आयुधं जमवून मी कामाला लागलो आणि व्हॅनने पहिल्याच दिवशी तिन्ही बाद केली. व्हॅनची भिंत वर जाता जाता आत झुकते, मध्येच फुगते, चाकापाशी अचानक उंटासारखी पाठ काढते. गुण्या लावायला काटकोनच सापडत नाही. पाणसळीतला बुडबुडा मधोमध यावा म्हणून मी दोन दिवस कपाटाखाली पाचरी ठोकत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की गाडीच उतारावर उभी आहे. शेवटी पुठ्ठा कापायचा, भिंतीला लावून बघायचा, वैतागून पुन्हा कापायचा, अशा पद्धतीने कपाट उभं राहिलं. ते गाडीला अगदी शोभतं, म्हणजे वाकडं आहे.

टाकी मागच्या चाकावर, एका अंगाला बसवली. भरलेली असली की निमूट असते. अर्धी झाली की तिला कंठ फुटतो. मी ब्रेक दाबला की गाडी थांबते, पाणी थांबत नाही. ते पुढे जाऊन धडकतं आणि मागून कुणीतरी हलकेच ढकलल्यासारखं वाटतं. मोठ्या टाक्यांत यासाठी आतून आडव्या पट्ट्या घालतात, हे ज्ञान टाकी जागेवर पक्की बसल्यानंतर प्राप्त झालं.

आता गरम पाणी. माझा बेत सोपा होता: छतावर सोलर पॅनेल, खाली बॅटरी, बॅटरीवर हीटर. बायकोने पेन्सिल घेतली. १० लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण पाव युनिट वीज लागते. आमची बॅटरी १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची, म्हणजे सगळी मिळून सव्वा युनिटच्या आतबाहेर. त्यातही ती शिसे-आम्लाची, तेव्हा निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, नाहीतर लवकर मरते. थोडक्यात, दोघांनी गरम पाण्याने आंघोळ केली की रात्री दिवा आणि पंखा यांतलं एकच काहीतरी, तेही मन मारून. गॅसचा गीझर आत लावावा असं मी सुचवलं, तर बंद जागेत त्याच्या धुराने माणूस पुन्हा उठत नाही, हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की तो विषय तिथेच मिटला.

मग छतावर पाण्याची काळी पिशवी ठेवून बघितली. ऊन असेल तर पाणी खरोखर छान तापतं. अडचण एवढीच की ते दुपारी दोनला तापतं आणि आम्हाला आंघोळ हवी असते सकाळी सातला. शिवाय छताच्या उंचीवरून येणाऱ्या पाण्याला जोर असा नसतोच. शॉवरमधून पाणी येत नाही, ओघळतं. एखादं लहान मूल रडून रडून थकल्यावर जसं मुसमुसतं, तसं.

शेवटी तोडगा निघाला तो किटलीचा. एक भाग उकळतं पाणी, तीन भाग गार पाणी, की आंघोळीजोगं कढत होतं. सव्वा लिटर उकळलं की पाच लिटर तयार.

मग शॉवर कशाला केला, असं कुणीही विचारेल. बायकोनेही विचारलं. पण एव्हाना माझी साठ सेंटिमीटर बाय साठ सेंटिमीटरची न्हाणी बांधून झाली होती, खाली पसरट ट्रे, त्याला भोक, भोकाखाली सांडपाण्याची २० लिटरची टाकी आणि वर १२ व्होल्टचा पंप. हे सगळं मी एकट्याने, पालथं पडून केलं होतं. न्हाणीत वाकता येत नाही. साबण पडला तर तो पायाच्या बोटांनी उचलायला शिकावं लागतं, आणि मी शिकलो. गाडी चुकीच्या बाजूला कललेली असेल तर पाणी भोकाकडे जायचं सोडून उंबरा ओलांडून अंथरुणाकडे निघतं, म्हणून आंघोळीआधी चाकाखाली ठोकळा सारायचा, हेही शिकलो.

पण खरं शिकवलं ते पंपाने. घरी पाणी मुकाट्याने येतं. इथे नळ उघडला की पंप घुर्रर्र करून ओरडतो, आणि हा पंप मिनिटाला सहा लिटर देतो. म्हणजे सेकंदाला शंभर मिली. एकदा हा हिशोब डोक्यात बसला की त्या घुर्रर्रचा अर्थच बदलतो. एक सेकंद, अर्धा पेला. दोन सेकंद, पेला. जहाजावर खलाशी करतात तशी आंघोळ आम्ही सुरू केली: ओलं व्हायचं, नळ बंद, साबण लावायचा, मग उघडून धुवायचं. बायको आत असली की मी बाहेर बसून नकळत मोजायचो. एकदा ती बाहेर आली आणि मी म्हणालो, "अठ्ठेचाळीस." त्यानंतर दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं.

अवकाश स्थानकातले अंतराळवीर घाम आणि लघवीसकट ९८ टक्के पाणी परत मिळवतात, हे मी वाचलं तेव्हा मला साहजिकच काही कल्पना सुचल्या. मी गाळणीचं चित्रही काढलं. "त्यांना शेजारच्या गावात जाऊन टाकी भरून आणता येत नाही," बायको म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी ती बाजारातून फवारणी पंप घेऊन आली. झाडांना औषध मारतात तो, पाच लिटरचा, हाताने दट्ट्या मारून हवा भरायचा. नवा कोरा. हे पाहुण्यांना आवर्जून सांगावं लागतं. त्यात किटलीचं पाणी मिसळायचं, दहा-पंधरा दट्टे मारायचे, की बारीक पण जोरकस फवारा. तीन लिटरमध्ये केसांसकट माणूस स्वच्छ. दीड महिना माझी पाठ दुखवणारा शॉवर तेव्हापासून झाडू ठेवायला उपयोगी पडतो.

अशात मेहुणा दोन दिवस राहायला आला. सकाळी फवारणी पंप पुढे केला तर तो हसला. "दाजी, मी बारा महिने गार पाण्यानेच करतो. शॉवर आहे ना?" आहे म्हणताना माझा ऊर भरून आला. झाडू काढला. दार लागलं. घुर्रर्र.

आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो. वीस सेकंदांनी बायकोने माझ्याकडे पाहिलं. चाळीसला मी आकाशाकडे. साठला आतून गाणं सुरू झालं. पाहुण्याला हटकायचं कसं? शंभराला बायकोने हळूच विचारलं, "सांडपाण्याची टाकी काल रिकामी केली होतीस ना?"

काल तिथे ओतायला योग्य जागा मिळाली नव्हती. भांड्यांच्या पाण्याने टाकी निम्मी भरलेली होती. उरलेल्या निम्म्याला शंभर सेकंद पुरतात.

गाणं कडव्यात आलं आणि अडखळलं.

"दाजी, पाणी खाली जात नाहीये. घोट्यापर्यंत आलंय."

"नळ बंद कर!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

घुर्रर्र थांबलं. "पण मी आत्ताच साबण लावलाय. डोळ्यांतपण गेलाय."

बायको उठली, फवारणी पंपात पाणी भरलं, न मोजता दट्टे मारले आणि दाराच्या फटीतून तो आत सरकवला. थोडा वेळ नुसता फुसफुस आवाज. मग आतून, जरा काळजीने:

"ताई, यात आधी काय भरायचात गं?"

"आधी धू," ती म्हणाली, "मग सांगते."