कॅलिफोर्नियाचे मत आणि आयोवाची शेड

अमेरिकेतील आयोवा राज्यात माणसांपेक्षा डुकरे कितीतरी जास्त आहेत. पण तिथल्या गाभण मादीला किती जागा मिळावी, यात आता कॅलिफोर्नियाच्या मतदारांचाही शब्द चालतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या 'प्रपोझिशन १२' या कायद्यानुसार प्रत्येक मादीला किमान २४ चौरस फूट जागा द्यावी लागते. प्रचलित लोखंडी पिंजरा जेमतेम दोन फूट रुंद आणि सात फूट लांब असतो. त्यात मादी उठते, बसते, पण वळू शकत नाही. डुक्कर कोणत्याही राज्यातले असो, ही अट पाळली नसेल तर ते ताजे मांस कॅलिफोर्नियात विकता येत नाही. देशातील सुमारे १३ टक्के डुकराचे मांस तिथे खपत असल्याने उद्योग न्यायालयात गेला आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरला.

मला हा कायदा योग्य वाटतो. एरवी मतपेटीपाशी दयाळू असणारा माणूस दुकानात स्वस्त पाकीटच उचलतो; इथे त्याला ती पळवाट उरलेली नाही, स्वतःच्या मताची किंमत त्याला स्वतःच मोजावी लागते.

खरेदीदाराच्या अटीत किती जोर असतो, हे रॅक्टोपामाइनच्या बाबतीतही दिसले. मांस वाढवणारे हे खाद्यातले औषध अमेरिकेत वैध आहे, चीनमध्ये निषिद्ध. आफ्रिकन स्वाइन फिव्हरने चीनमधील कळप उद्ध्वस्त केल्यावर तिथली मागणी दिसताच टायसन आणि जेबीएस या कंपन्यांनी २०१९ मध्ये ते बंद करण्याचे जाहीर केले. मात्र त्याच चीनने एप्रिल २०१८ मध्ये पोलादाच्या भांडणात अमेरिकी डुकराच्या मांसावर २५ टक्के जादा शुल्क लावले होते. शेतकरी खाद्य बदलू शकतो, पोलादाच्या वादावर त्याच्याकडे कसला उपाय? मादी ११४ दिवस गाभण राहते, पुढे पिल्लू विक्रीयोग्य व्हायला सुमारे सहा महिने लागतात. शुल्क मात्र एका रात्रीत बदलते.

नियम असे अचानक फिरले की शेतकरी अडकतो; म्हणूनच 'प्रपोझिशन १२' निष्प्रभ करण्यासाठी अमेरिकी काँग्रेसमध्ये येणारी विधेयके मला शेतकरीहिताची वाटत नाहीत. ती संमत झाली, तर ज्यांनी खर्च करून शेड नव्याने बांधल्या, त्यांचाच माल जुन्या पिंजऱ्यांतल्या स्वस्त मालापुढे महाग ठरेल, आणि अशा काही उत्पादकांनी या विधेयकांना उघड विरोध केला आहे.