पुढचा पोप कोण, हे मला विचारू नका

आज ५ मे २०२५, सोमवार. पोप फ्रान्सिस जाऊन दोन आठवडे झाले आणि परवा नवा पोप निवडायला बसणार. सकाळी ऑफिसात बॅग ठेवते न ठेवते तोच अकाउंट्समधला एकजण हातात कागद घेऊन समोर उभा. मॅडम, शंभर रुपये. मला वाटलं कुणाचा तरी सेंड ऑफ असेल, मी पर्स उघडली पण. मग कागद बघितला. डावीकडे कार्डिनलांची, म्हणजे ज्यांच्यातून पोप निवडतात त्या वरच्या धर्मगुरूंची नावं, पारोलिन, टागले, झुप्पी, टर्कसन, सारा, एर्डो, त्यांच्यासमोर पैसे लावणाऱ्यांची नावं आणि वर मोठ्ठं हेडिंग, पोप प्रीमियर लीग. ज्याचा पोप येईल त्याला सगळा गल्ला. आणि मलाच म्हणतो, तुम्ही तर घरच्याच, तुम्हाला आतली खबर असणारच की.

आतली खबर! अहो मी वसईची बाई, आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, ह्या रविवारी मिस्सेला वाचन कोण करणार त्याची खबर मला नसते, व्हॅटिकनची कुठून असणार?

काही बोलले नाही तेव्हा. हसले सुद्धा असेन, सवयीने. पण विरार फास्टमध्ये उभ्याने घरी येईपर्यंत डोकं तापतच गेलं आणि आता भांडी सिंकमध्ये तशीच टाकून लिहायला बसलेय.

त्या कागदावर एका नावावर तर सगळे खो खो हसत होते. पिझ्झाबाल्ला. झालं, एक्स्ट्रा चीज काय, गार्लिक ब्रेड काय, सगळे जोक होऊन गेले. हसा. फक्त एवढं माहिती असू द्या की हा माणूस जेरुसलेमचा पॅट्रिआर्क, म्हणजे तिथल्या कॅथलिकांचा मुख्य धर्मगुरू आहे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने लहान पोरांना ओलीस धरलं होतं तेव्हा त्यांच्या बदल्यात मी जायला तयार आहे असं तो जाहीरपणे बोलला होता. तुमच्यापैकी कोण कुणासाठी गेलं असतं? मी तरी गेले असते की नाही सांगता येत नाही. पण निदान नावावरून हसले नसते.

आणि पैजांचं म्हणाल तर हे नवीन नाहीये. पोपच्या निवडीवर सट्टा लावायचा धंदा रोममध्ये इतका जोरात होता की १५९१ मध्ये चौदाव्या ग्रेगरीने फतवा काढला, जो पैज लावेल तो चर्चच्या बाहेर. आता तर ऑनलाइन सट्ट्याच्या साइट आहेत, त्यावर लाखो डॉलर लागलेत, पारोलिन आज वर, टागले उद्या वर, शेअर मार्केटसारखे आकडे हलताहेत. तर आमच्या अकाउंट्सवाल्याचे शंभर रुपये त्यापुढे काहीच नाहीत हे मला कळतं. तरी राग आला.

कारण दिवस बघा ना. फ्रान्सिस गेले २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी. आदल्या दिवशी त्या गाडीतून चौकात फिरले, लोकांना आशीर्वाद दिला, आवाज निघत नव्हता धड. गाझामधल्या त्या एकुलत्या एका कॅथलिक चर्चला हा माणूस रोज संध्याकाळी फोन करायचा, जेवलात का, काय खाल्लंत, हॉस्पिटलात असताना सुद्धा. असा माणूस गेला आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर त्याच दुपारी पहिला मेसेज काय, आता कोण? अजून शवपेटी बंद झाली नव्हती. दफन २६ तारखेला झालं, तोपर्यंत ग्रुपवर पोल पण होऊन गेला होता. आणि दुखवट्याचे नऊ दिवस संपायच्या आत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने स्वतःचाच पोपच्या वेषातला एआयने बनवलेला फोटो टाकला. त्याच्याबद्दल मी काहीच लिहीत नाही, मुलं वाचतात माझी वॉल.

थांबा, मुद्द्यावर येते. लोक म्हणतील एवढं काय, गंमत आहे. मला ही गंमत का नको वाटते ते सांगायला मला आमच्या गावातली फ्लेक्सची गोष्ट सांगावी लागेल. गाववाल्यांनो, तुम्हाला माहितीये, तुम्ही खालचा पॅरा सोडून द्या.

काही वर्षांपूर्वी आमच्या मुख्य धर्मगुरूंची बदली होणार होती. आमच्याकडे मे महिन्यात आंबे, लग्नं आणि फादरांच्या बदल्या ह्या तीनच विषयांवर बोलतात. तर खबर आली की गिटारवाले फादर येणार. कुठून आली? कुणाच्या तरी मेव्हण्याला बिशप हाऊसच्या ड्रायव्हरने सांगितलं, म्हणजे पक्की. गिटारवाले फादर आधी आमच्याकडे सहायक होते, पोरांमध्ये फुटबॉल खेळायचे, म्हाताऱ्यांशी आमच्या बोलीत बोलायचे, सगळ्यांचे लाडके. झालं, उत्साहात फ्लेक्स छापला. दहा बाय सहा, फादर गिटार घेऊन हसताहेत, मागे चर्च, खाली हार्दिक स्वागत आणि छापणाऱ्यांचे स्वतःचे पासपोर्ट फोटो. तळ्याजवळच्या नाक्यावर लागला पण. आणि शनिवारी संध्याकाळी पत्र आलं, नाव दुसरंच. कुणीच ज्यांचा विचार केला नव्हता असे, चष्मेवाले, कमी बोलणारे, कुठल्यातरी ऑफिसात कागदपत्रं सांभाळणारे फादर.

फ्लेक्स रात्रीतून उतरवला. हसण्यावारी गेलं असं वाटलं. पण गेलं नाही हो.

आता परत रोमला. २०१३ आठवतंय? पांढरा धूर निघाला, म्हणजे पोप निवडला गेला, आणि इटलीच्या बिशप मंडळींच्या ऑफिसातून अभिनंदनाचा मेल गेला, कार्डिनल स्कोला पोप झाल्याबद्दल. मिलानचे स्कोला, सगळ्यांच्या यादीत वर होते, मजकूर आधीच तयार ठेवला असणार. आणि गॅलरीत आले ब्युनोस आयर्सचे बर्गोलिओ, म्हणजेच आपले फ्रान्सिस. म्हणजे फ्लेक्स छापणारे फक्त वसईतच नाहीत, तिकडेही आहेत. मला हे वाचून तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पण पुढचं बघा. फ्रान्सिसना बारा वर्षं मिळाली आणि त्या बारा वर्षांत एक मोठा गट असा होता की ज्याने त्यांना मनापासून पोप मानलंच नाही. २०१६ मध्ये चार कार्डिनलांनी त्यांना शंकांचं पत्र पाठवलं, उत्तर मिळालं नाही तेव्हा ते जगासमोर छापलं. इंटरनेटवर तर हा माझा पोप नाही म्हणणाऱ्यांची जत्राच होती. का? कारण त्यांच्या डोक्यात दुसराच पोप होता, त्यांनी त्याचा फ्लेक्स आधीच छापून ठेवला होता. मतभेद असू शकतात, हो, असावेत पण, पोप म्हणजे काही प्रत्येक वाक्यात अचूक नसतो, हे कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हालाही शिकवलंय. पण मतभेद वेगळे आणि तू तो नाहीस म्हणून मी तुझं ऐकणारच नाही हे वेगळं.

आमच्या चष्मेवाल्या फादरांचं तेच झालं. त्यांनी काहीही केलं की, गिटारवाले असते तर. सणाची मिरवणूक लवकर संपली, गिटारवाले असते तर. क्वायरची पोरं रुसली, गिटारवाले असते तर. आता खरं सांगायचं तर चष्मेवाल्या फादरांचं प्रवचन रटाळच असायचं, मला स्वतःला डुलकी लागलीये. पण दफनभूमीत पावसाळ्यात पाणी तुंबायचं, खड्डा खणला की तळ्यासारखा भरायचा, माझ्या सासऱ्यांना आम्ही अक्षरशः चिखलात ठेवलंय, ते पाणी ह्या माणसाने बंद केलं. स्वतः पंचायतीत, मग महापालिकेत खेटे घालून, गटार काढून घेतलं. कुणी आभार मानले नाहीत. फ्लेक्स कुणी छापला नाही. गटाराचा कोण छापतो?

आणि लोक मला विचारतात तुमचा फेव्हरेट कोण.

बरं, ते आपल्या लोकांचं इंडियन पोपचं खूळ. ह्यावेळी आशियाचा नंबर म्हणे. चार भारतीय कार्डिनल मतदानाला आहेत, गोव्याचे फेर्रांव, हैदराबादचे पूला, केरळचे क्लिमिस आणि कूवाकाड. आमचे मुंबईचे ग्रेशियस गेल्या डिसेंबरात ऐंशीचे झाले म्हणून त्यांना मत नाही, त्यावरून आमच्या ग्रुपवर हळहळ अशी की जणू चार महिने आधी जन्माला आले हा त्यांचाच निष्काळजीपणा. २००५ ला मुंबईच्या कार्डिनल आयव्हन डायस यांचं नाव पेपरात यायचं तेव्हाही हेच. मला विचाराल तर पूला यांचं नाव ऐकून मला भरून येतं, पहिले दलित कार्डिनल, आंध्रच्या गरीब घरातून आलेले. पण भरून येणं वेगळं आणि गोव्याचा झाला तर आपला, फिलिपिन्सचा झाला तर निम्मा आपला असा हिशोब करणं वेगळं. फिलिपिन्सच्या टागलेंचा तो गाणं म्हणतानाचा जुना व्हिडिओ मला किती जणांनी पाठवलाय! गोड गातात, मान्य. परत गिटारवाले फादर!

शिवाय संत मालाकीच्या नावावर खपवलेला तो भविष्यवाला फॉरवर्ड, हा शेवटचा पोप मग जगबुडी. १५९५ मध्ये छापलेलं बनावट प्रकरण आहे ते, ते पाठवणाऱ्यांना मी सरळ ब्लॉक करतेय, त्यात माझी सख्खी मावसबहीण पण आहे.

आणि गंमत अशी की ज्या निवडणुकीवर एवढा तमाशा चाललाय तिथे उमेदवारच नसतो. अर्ज नाही, डिपॉझिट नाही, जाहीरनामा नाही. १३३ माणसं, सत्तर एक देशांतली, बहुतेक फ्रान्सिस यांनीच नेमलेली, त्यातले कित्येक एकमेकांना धड ओळखत नाहीत. मोबाईल काढून घेणार, आत कोंडणार, अक्षर ओळखू येणार नाही असं लिहून मत द्यायचं, ८९ मतं झाली की झाला पोप. नियमाने बघायला गेलं तर कुठलाही बाप्तिस्मा झालेला कॅथलिक पुरुष पोप होऊ शकतो, म्हणजे माझा नवरा पण, जो गेली कित्येक वर्षं पापकबुलीला गेलेला नाही. मी नाही होऊ शकत. आमच्या शाळा, दवाखाने, अनाथाश्रम चालवणाऱ्या सिस्टर्स नाहीत. त्यांना तर मत पण नाही. ह्यावर कुठल्या लीगमध्ये चर्चा दिसली नाही मला. तो विषय आज नको, आज मी आधीच तापलेय.

हां, कार्डिनल स्वतःही रोममधल्या हॉटेलांत जेवताना नावांचीच कुजबुज करतात हे मला माहितीये. आणि उत्सुकता माणसाला असायचीच, १२६८ साली विटेर्बोला पोप निवडायला जवळजवळ तीन वर्षं लागली तेव्हा गावकऱ्यांनी वैतागून कार्डिनलांना कोंडलं, जेवण तोडलं आणि छप्पर पण काढलं. ते मला आवडतं. कारण त्या गावाचं म्हणणं एवढंच होतं की कुणीतरी द्या एकदाचा. अमुकच द्या असं नव्हतं.

माझी आजी १९६४ च्या डिसेंबरात सहावे पॉल मुंबईला आले तेव्हा ओव्हल मैदानावर गेली होती, वसईहून, लाल लुगडं नेसून, बरोबर शिदोरी. गर्दीत तिला पोप दिसले म्हणजे एक पांढरा ठिपका. पॉल की जॉन, कितवे, इटलीचे की कुठले, लिबरल की कडवे, तिला काही पत्ता नव्हता. पुढे १९७८ मध्ये दोन महिन्यांत दोन पोप गेले आणि तिसरे आले, ते पोलंडचे, साडेचारशे वर्षांनी पहिल्यांदा इटलीबाहेरचे, जगभर खळबळ, आणि आजी म्हणाली बरं झालं, बिचाऱ्याला तब्येत दे रे देवा, आणि रोजरीच्या जपात 'आमच्या बापा' ही प्रार्थना एकदा जास्तीची. बस. हा अडाणीपणा आहे असं मला कॉलेजात असताना वाटायचं. आता ते माझ्या ग्रुपवरच्या सगळ्या एक्स्पर्ट्सपेक्षा शहाणं वाटतंय. येईल तो आपला. मग भांडा हवं तर त्याच्याशी, पण तो आल्यावर, त्याच्याशी, तो कोण नाही ह्यावरून नाही.

परवा बुधवारी आपल्याकडे रात्री आठच्या सुमारास कार्डिनल सिस्टिन चॅपलमध्ये शिरणार आणि मग दार बंद होणार. मी टीव्ही लावून त्या धुराच्या चिमणीकडे बघत बसणार, अर्थात बसणार, मी काय दगड आहे? पण कमेंटमध्ये नावं टाकू नका, टाकलीत तर डिलीट करेन, मग मैत्री वगैरे बघणार नाही.

आणि गाववाल्यांनो, चष्मेवाल्या फादरांची पण ह्या जूनमध्ये बदली आहे. कोण येणार त्याची पक्की खबर आलीये म्हणे, त्याच मेव्हण्याकडून. ग्रुपवर फ्लेक्सवाल्याचा नंबर फिरतोय आणि वर्गणी मागताहेत. जुना फ्लेक्स कुठे आहे आठवतो ना? तळ्यापलीकडच्या घरी, बकऱ्यांच्या गोठ्यावर, गिटारवाले फादर अजून हसताहेत. तोच धुऊन लावा, मी वर्गणी देणार नाही.